खरेदीखतात नसलेल्या तान्हुबाई

रोज सकाळी सात वाजता तान्हुबाई माझ्या घराच्या पुढील दाराने आत येत, ओटी, माजघर व स्वयंपाकघर या क्रमाने पार करीत आणि मागील दाराने बाहेर पडत. त्यांच्यामागून त्यांची शेळीही त्याच क्रमाने जाई. मी दाढी करीत असो, चहा घेत असो वा एखाद्या संपादकास पत्र लिहीत असो, दोघींच्या गतीत फरक पडत नसे. "चालू द्या तुमचं," एवढेच तान्हुबाई म्हणत. शेळी तेवढेही म्हणत नसे.

मी एकतीस वर्षे दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होतो. पुण्यात वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाशी केवळ खलबत्त्याच्या आवाजावरून माझा नऊ वर्षे पत्रव्यवहार चालला होता. निवृत्तीनंतर तोरण्याच्या पायथ्याशी शांतता लाभेल, या समजुतीने मी वेल्ह्यात घर विकत घेतले. लहान गावी राहावयास येण्याचे तोटे मी एका वहीत नोंदवून ठेवले आहेत. वृत्तपत्र एसटीने दुपारी येते व मजपर्यंत पोहोचण्यापूर्वी ते स्टँडवर चौघांनी वाचलेले असते. दात दुखला तर पुणे गाठावे लागते. पेन्शन किती, मुले किती आणि नाहीत तर का नाहीत, हे पहिल्याच भेटीत विचारले जाते. परंतु वहीची उरलेली सर्व पाने तान्हुबाईंनी व्यापली आहेत.

पहिल्या दिवशी मी त्यांना माजघरातच अडविले.

"बाई, हे खाजगी घर आहे."

"व्हय की. झ्याक हाय. वारा लई लागतो."

"आपण आत कशा आलात?"

"दारातनं," असे म्हणून त्या पुढे निघाल्या. स्वयंपाकघरातून आवाज आला, "वैनी, डाळ खाली लागली बगा."

डाळ खरोखरच लागली होती. हा मुद्दा अर्थातच गैरलागू आहे.

मी खरेदीखत पुन्हा वाचले. त्यात चतुःसीमा होत्या, चिंचेचे झाड होते, परसातील मोरीसुद्धा होती; तान्हुबाई नव्हत्या. मग मी टेप आणून मोजणी केली. घराच्या कडेने परसामागच्या माळावर जाणारी बाहेरील वाट घरातील वाटेपेक्षा अकरा फुटांनी जवळची निघाली. हे मी त्यांच्या निदर्शनास आणले.

"आवं वकीलसायेब, मोजून चालतंय व्हय कुनी?"

"मी वकील नाही."

"न्हाई तर न्हाई. चालू द्या तुमचं."

दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या सौभाग्यवती चुलीपाशी चहाचा एक जादा कप भरून ठेवू लागल्या. म्हणजे अतिक्रमणास घरातूनच साहाय्य मिळू लागले. मी तहसील कचेरीत तीन प्रतींत अर्ज केला. त्यावर एके दिवशी सकाळी सर्कलसाहेब दोन पंच घेऊन जागेच्या पाहणीसाठी आले. मी नकाशा पसरून वहिवाटीचा कायदा समजावू लागलो: वापर उघड, अखंड आणि वीस वर्षांचा असावा लागतो. इतक्यात सात वाजले.

"सरका, सरका, आक्का आली!" एक पंच म्हणाला.

दोन्ही पंच उठून उभे राहिले. सर्कलसाहेबांनी पाय जवळ घेतले. तान्हुबाई माझ्या नकाशाला वळसा घालून गेल्या. शेळी नकाशावरून गेली. पंचनाम्यात नोंद झाली ती अशी: 'वाट वापरात असल्याचे समक्ष दिसून आले.'

त्या नोंदीविरुद्ध मी सात पानी हरकत लिहिली आणि त्याच दिवशी बाजारातून एक भक्कम कुलूप आणले.

दुसऱ्या दिवशी तान्हुबाई स्वयंपाकघरापर्यंत आल्या व मागील दारापाशी थबकल्या.

"कुलूप?"

"कुलूप. मी माझ्या हक्कात आहे."

चहाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. तेवढ्या जागेत शेळी वळविण्यास बराच वेळ लागला. जाताना मात्र "चालू द्या तुमचं" म्हणाल्या, आणि त्यानंतर आल्या नाहीत.

मी जिंकलो होतो. सौभाग्यवती चहाचा जादा कप रोज भरीत आणि रोज मोरीत ओतीत. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "सबंध दिवसात आता मला कुणी 'वैनी' म्हणत नाही. हेही लिहा तुमच्या वहीत."

अर्धवट सोडलेले प्रकरण पुढे त्रास देते, हा माझा अनुभव. म्हणून मी एक सोडपत्र तयार केले, शाईचा पॅड घेतला आणि बाजाराच्या वरच्या अंगास असलेल्या तान्हुबाईंच्या खोपटात गेलो. खोपटाला एकच दार होते. त्यांनी घोंगडी अंथरली.

"बसा, वकीलसायेब."

मी सोडपत्र वाचून दाखविले. दोन जागा कोऱ्या होत्या, त्या भरावयाच्या होत्या.

"वहिवाट किती वर्षांची?"

"आमचं गाव धरनात गेलं तवापासनं. धा वर्सं झाली आसतील. तुमचं घर तवा रिकामंच व्हतं."

"म्हणजे वीस नाहीत," मी समाधानाने लिहिले. "आणि कारण? बाहेरची वाट जवळ असताना घरातून जाण्याचे कारण काय?"

तान्हुबाईंनी अंगठा आधीच पुढे धरला होता.

"आमचं घर आसंच व्हतं. पुढल्या दारात हुबं ऱ्हायलं की मागलं दार दिसायचं, आन् त्यातनं गोठा. समदं पान्याखाली गेलं. हितं आख्ख्या गावात तुमच्याच घराची दारं तशी समोरासमोर हायती. बारा पावलं व्हत्यात. तेवढी बारा पावलं आपल्या घरातनं चालल्यावानी वाटतं, बगा." त्यांनी अंगठा पॅडजवळ आणला. "कुठं लावू?"

मी पॅड बंद केला. शाई वाळली आहे, असे मी सांगितले. ते विधान असत्य होते. माझ्या आयुष्यातील ते एकमेव.

दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींसह मी पुन्हा त्यांच्या दारी गेलो व उभ्यानेच नोटीस वाचली:

"श्रीमती तान्हुबाई यांस. आपण आपल्या वहिवाटीचा गेले सहा दिवस वापर केलेला नाही. वापर सोडल्यास हक्क नष्ट होतो, याची जाणीव करून देण्यात येत आहे. तरी उद्या सकाळी सात वाजता आपण शेळीसह हजर राहून आपला हक्क बजावावा. कसूर केल्यास पुढील इलाज करण्यात येईल."

तान्हुबाईंनी सौभाग्यवतींकडे पाहिले. "काय म्हनत्यात वैनी?"

"उद्या चहाला या म्हणताहेत."

दुसऱ्या दिवशी सातच्या आधी मी दोन्ही दारे सताड उघडून ठेवली व कालचे वृत्तपत्र तोंडापुढे धरून ओटीवर बसलो. तान्हुबाई उंबऱ्यावर आल्या. त्या काही म्हणण्यापूर्वीच मी वृत्तपत्राआडून म्हणालो, "चालू द्या तुमचं."

त्या बारा पावलांना त्यांनी त्या दिवशी पुष्कळ वेळ लावला. कालमर्यादेचा मुद्दा मी उपस्थित केला नाही.