भुंगे परत का येतात

माणूस सुधारतो, पण त्यासाठी पासपोर्ट आकाराचे दोन फोटो लागतात.

सत्तावीस नंबरच्या भुंग्याला मागचा डावा पाय नव्हता.

एका प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग हरवलं.

एक माणूस सताड उघड्या दारासमोर अकरा मिनिटं उभा राहिला. आत या, असं त्याला कोणी म्हणालं नव्हतं.

मामांचे गुडघे दुखत होते.

या गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटलं. पण संबंध लावणं हेच संशोधनाचं काम असल्यामुळे तो पुढे रीतसर लावण्यात आला, तोही समितीमार्फत.

दारासमोर उभा होता तो माणूस नऊ वर्षं तुरुंगात काढून आला होता. (कशासाठी, ते इथे दिलेलं नाही. वाचकांनी आपापल्या सोयीने काहीतरी धरलं असेलच.) आत असतानाच त्याने विज्ञानाची पदवी घेतली आणि बाहेर आल्यावर एका संस्थेच्या ‘संधी’ योजनेत त्याची निवड झाली. सुटून आलेल्या विद्यार्थ्यांना सहा महिने संशोधनाचं प्रशिक्षण, मग प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असेल तर तिथेच नोकरी, अशी ही कमालीची उदार योजना. उदारपणालाही कुठेतरी कुंपण हवं, म्हणून प्रशिक्षणार्थीला किल्ली मात्र द्यायची नव्हती (नियम सात). कोणी हाक मारली की हा ताठ उभा राहून ‘हजर’ म्हणायचा. दुसऱ्या आठवड्यापासून त्याचं नावच हजर पडलं.

नोकरीची हजरला गरज होती. तो थोरल्या बहिणीकडे राहत होता. ताईने शेजारणीला सांगून टाकलं होतं की भाऊ संशोधक आहे, इतकी वर्षं बाहेरदेशी होता. भाऊजी सज्जन माणूस. ते एवढंच म्हणाले होते, की प्रमाणपत्र मिळेपर्यंत मागची खोली तुमचीच, पुढचं पुढे बघू.

प्रशिक्षण एकशे ऐंशी तासांचं. त्यातले बारा तास विज्ञान, एकवीस तास दार उघडणाऱ्याची वाट बघणं, आणि उरलेला सगळा वेळ पाहुण्यांशी ओळख. विभागप्रमुख मॅडम ‘आणि हे आमचे…’ असं म्हणून थांबायच्या, पाहुणे समजल्यासारखी मान हलवायचे. पहिल्याच दिवशी हजरला पांढरा कोट चढवून सूक्ष्मदर्शकापाशी बसवण्यात आलं. त्याने डोळा लावला आणि म्हणाला, काही दिसत नाही. फोटोवाला म्हणाला, बघत राहा. तो फोटो संस्थेच्या वार्षिक अहवालावर आहे. चेहऱ्यावरची एकाग्रता वाखाणण्यासारखी आहे.

मॅडमचा सिद्धांत मोठा होता. पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेले पन्नास भुंगे महिनाभर डब्यात कोंडायचे. मग रोज सकाळी झाकण उघडायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती जण डब्यात आहेत ते मोजायचं. नऊ वर्षांचा आकडा: शंभरात अडुसष्ट परत येतात. कोंडून घ्यायची सवय लागलेला जीव आपल्या पायांनी डब्यात परततो, हा निष्कर्ष. न परतणाऱ्या बत्तीस टक्क्यांवर मॅडमचा ‘इच्छाशक्ती’ नावाचा स्वतंत्र निबंध आहे. (तुरुंगखात्याने त्याच्या दोनशे प्रती मागवल्या.)

मोजणी हजरकडे आली. तुरुंगात दिवसातून चार वेळा माणसं मोजतात, आणि एक जरी कमी भरला तरी सगळ्यांची ताटं थांबतात. त्यामुळे हजरला दिवसातून एकदाच मोजणं अर्धवट वाटलं. तो संध्याकाळी पाचलाही मोजू लागला. पाचला डब्यात एक. सकाळी चौतीस. पुन्हा पाचला एक. पुन्हा सकाळी चौतीस.

एका संध्याकाळी तो भिंतीशी उभा राहिला. साडेपाचला प्रयोगशाळेतले साहाय्यक मामा आले. त्यांनी केरसुणीने टेबलाखालचे, कोपऱ्यातले, खिडकीतले भुंगे सुपलीत गोळा केले, डब्यात ओतले आणि झाकण लावलं. कपाटाखाली शिरलेल्यांपर्यंत ते वाकू शकत नव्हते. तीच इच्छाशक्ती.

‘‘हे रोज करता, मामा?’’

‘‘नऊ वर्षं. सकाळी पायाखाली आले की झाडणारी बाई माझ्या नावाने खडे फोडते.’’

‘‘मॅडमना माहीत आहे?’’

‘‘त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. तूही लिहू नकोस बाबा. तुझं प्रमाणपत्र आठ दिवसांवर आलंय.’’

‘‘मोजणी चुकली की जेवण थांबतं, मामा.’’

‘‘इथे सगळे घरून जेवून येतात.’’

दुसऱ्या दिवसापासून मामा गुडघ्यांच्या उपचारासाठी पाच दिवस रजेवर गेले. त्या पाच सकाळी डब्यात भरले: एक, एक, एक, एक, एक. तो सत्तावीस नंबर. तो परत आला नव्हता, तो गेलाच नव्हता. बाकीचे खिडकीबाहेरच्या कुंड्यांमध्ये मजेत होते.

शेवटच्या दिवशी हजरने पाच जणांच्या समितीपुढे दोन रकान्यांचा तक्ता ठेवला. मामांचं नाव त्यात नव्हतं, ‘एक हात’ एवढंच होतं. समितीतल्या ज्येष्ठांनी चष्मा पुसला.

‘‘म्हणजे तुमचं म्हणणं, हे स्वतःहून परत येत नाहीत?’’

‘‘नाही सर. आणतात.’’

समितीने सादरीकरणाचं मनापासून कौतुक केलं. अक्षर सुवाच्य होतं. तक्ता मॅडमकडे ‘योग्य त्या वेळी विचारार्थ’ सोपवण्यात आला, आणि समिती पुढच्या विषयाकडे वळली: हरवलेलं भिंग. (वाचकांच्या ते लक्षात असेलच.) चौकशी शास्त्रीय पद्धतीने झाली. विभागात एकतीस माणसं. त्यांपैकी तिसांचं चारित्र्य निष्कलंक, तेव्हा त्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. उरला एक. त्याला विचारलं. तो म्हणाला, मी नाही घेतलं. घेणारा असंच म्हणतो, अशी नोंद झाली. भिंग मिळेपर्यंत प्रमाणपत्र थांबवण्यात आलं आणि कागद पोलिसांकडे गेला.

मंगळवारी दोन पोलीस आले आणि हजरला मागच्या खोलीतून उचलून घेऊन गेले. ताईने शेजारणीला सांगितलं, पुन्हा बाहेरदेशी गेला. भाऊजींनी खोलीला कुलूप लावलं. मामांनी डबा भरला.

मॅडमच्या निबंधाच्या नव्या आवृत्तीत आता माणसांचाही आकडा आहे: एकापैकी एक परतला. तुरुंगखात्याने या वेळी पाचशे प्रती मागवल्या आहेत.

भिंग हरवल्याची तक्रार तीन तारखेची आहे. हजर रुजू झाला त्याच महिन्याच्या दहा तारखेला.