पडीक मुलांचा प्रयोग

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, भर दुपारी, राहुरीतल्या पंकजाबाईंच्या घरगुती पाळणाघरात एक गंभीर घटना घडली. नऊ वर्षांचा पार्थ ओट्यावर पाय हलवत बसला होता. तो म्हणाला, "मला कंटाळा आलाय."

जीवितहानी झाली नाही. पण पार्थची आई मोनिका त्याच वेळी पंकजाबाईंशी फोनवर बोलत होती, आणि तिनं ते आपल्या कानांनी ऐकलं.

पाळणाघरात पाळणा एकही नव्हता. होती सात शाळकरी पोरं. त्यांच्या शाळेला सुट्टी लागली होती आणि आईबापांच्या ऑफिसला लागली नव्हती, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा. पंकजाबाई मूळच्या पाथर्डीकडच्या. पोराला कंटाळा आला की त्याच्या वाटेला जायचं नाही, तो आपला आपण निघून जातो, असं त्यांचं साधं मत. झालंही तसंच. मोनिकानं घाबरून पुन्हा फोन केला तोवर पार्थ आणि त्याची मैत्रीण फलक मोरीच्या पाण्यावर चिखलाचं मुळा धरण बांधत होते, आणि पाणी आधी कुणाच्या शेताला सोडायचं यावरून हमरीतुमरीवर आले होते. म्हणजे सगळं कसं झकास चाललं होतं. पण तक्रार दाखल झाली होती, आणि दाखल झालेली तक्रार कारण संपलं म्हणून संपत नसते.

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर मोनिकानं विचारलं, "आज पार्थला कंटाळा आला. जबाबदार कोण?" रात्रीच्या जेवणाआधी 'ग्रीष्मकालीन कंटाळा निर्मूलन समिती' स्थापन झाली. अध्यक्ष अर्थातच रंगनाथराव. हे पाळणाघरातल्या निकिताचे आजोबा, शिक्षण खात्यातून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीपासून बिचारे एका समितीसाठी तळमळत होते, ती एकदाची मिळाली.

समितीनं ठरवलं की दर अर्ध्या तासाला एक उपक्रम व्हावा, आणि झाल्याचा फोटो ग्रुपवर यावा. फोटोत प्रत्येक मूल हसरं असावं. मग काय विचारता! झुंबा आला, अबॅकस आला, मातीकाम आलं. अंगणातली माती तपासलेली नाही म्हणून माती कुरिअरनं आली. हसऱ्या फोटोला इतका वेळ लागू लागला की पुढे फोटो आधी काढायचा आणि वेळ उरला तर उपक्रम करायचा, असं ठरलं. वेळ काही उरत नसे.

"मावशी, खेळायला कधी सोडणार?" फलकनं विचारलं.

"उपक्रम संपला की."

"संपतो कधी?"

पोरं चिडचिडी झाली, भांडायला लागली, आणि एके दिवशी तिघांना एकदमच कंटाळा आला. रंगनाथरावांनी चष्मा पुसला. "ही साथ आहे," ते म्हणाले. समितीची तातडीची बैठक पंकजाबाईंच्याच ओट्यावर भरली. सोमवारपासून सगळी मुलं नगरच्या एका वातानुकूलित शिबिरात पाठवावीत, असा ठराव पुढे आला.

पंकजाबाईंच्या घरात दुसरं होतं कोण? त्या सात जणांच्या कलकलाटाशिवाय दुपार कशी काढायची? त्या चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, तो तसाच हातात धरून बोलल्या.

"माझं जरा ऐका. आमच्याकडं रान दमलं की वरीसभर पडीक ठेवत्यात. ही पोरंबी लई दमल्यात हो. ठेवा की दोन म्हैने पडीक. काय शिकवू नका, काय करून घेऊ नका. बसू द्या नुसतं!"

दुसऱ्या गावात लोक हसले असते. पण ही राहुरी. इथे कृषी विद्यापीठ असल्यानं घरटी एक शेतीतज्ज्ञ निघतो. फलकचे वडील हारिस सर मातीचे शास्त्रज्ञ. ते ताडकन उभे राहिले.

"पंकजाताई, कमाल केलीत! पडीक ठेवल्यानं जमिनीचा कस वाढतो, याला शास्त्राचा आधार आहे. फक्त प्रयोग घेतल्याशिवाय शिफारस करता येणार नाही."

शिबिर रद्द झालं. पंकजाबाईंनी आनंदानं सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा पाजला. इथेच त्या चुकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हारिस सर सुतळी आणि फक्की घेऊन हजर. अंगणात पांढऱ्या रेघा मारून त्यांनी सात प्लॉट पाडले. प्रत्येक प्लॉटमध्ये एक मूल. तुलनेसाठी निकिताला मात्र झुंबा चालू ठेवला. अंगणातल्या चिंचेला पाटी लागली: 'प्रायोगिक क्षेत्र. खेळण्यास मनाई.'

"अहो सर, खेळायला मनाई कशापायी?"

"ताई, पडीक जमिनीत आपोआप काय उगवतं?"

"तन उगवतं."

"बरोबर. तसा आपोआप उगवलेला खेळ म्हणजे तण. दिसला की उपटायचा. नाहीतर कस कसा वाढणार?" आणि तण उपटायचं काम पंकजाबाईंकडे आलं.

आता बोला! पार्थ रेघेवरून लंगडी घालू लागला, की पंकजाबाईंनी जायचं आणि ती लंगडी उपटायची. कुणी खडे जमवले, की खडे उपटायचे. जन्मात त्यांनी पोरांचा खेळ मोडला नव्हता. रोज संध्याकाळी त्यांना स्वतःचाच राग यायचा. शिबिर नको म्हणून हे करायचं, आणि हे असं करण्यापेक्षा पोरं शिबिरातच बरी, असं त्यांना वाटू लागलं.

आठवड्याच्या शेवटी परीक्षा झाली. तासभर काहीही न करता बसायचं. फलक पहिली आली. ती बसल्या जागी झोपली होती, पण परीक्षकांना ती स्थिरता वाटली. पार्थ नापास झाला. त्याला एक मुंगळा दिसला, मुंगळ्याकडे भाताचं शीत होतं, आणि पार्थनं चढ्या आवाजात त्याच्या प्रवासाचं धावतं वर्णन सुरू केलं.

निकाल ऐकून मोनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरी इतका छान कंटाळतो हो हा! इथंच काय होतं कुणास ठाऊक."

"पाया कच्चा आहे," रंगनाथराव म्हणाले. "संध्याकाळी माझ्याकडे पाठवा. कंटाळ्याची शिकवणी घेतो."

पंकजाबाईंचा संयम तिथं सुटला. पण त्या ओरडल्या नाहीत. एव्हाना समितीची भाषा त्यांना कळू लागली होती.

"शिकवनी कशाला?" त्या अदबीनं म्हणाल्या. "पोरं बघून शिकत्यात. मोठ्या मानसांनी एकदा बसून दाखवा की. प्रात्यक्षिक व्हईल."

प्रात्यक्षिक म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? रविवारी सगळे पालक आले. पंकजाबाईंनी मोबाईल परातीत गोळा करून घरात ठेवले. हारिस सर, मोनिका, रंगनाथराव आणि बाकीचे आपापल्या पोराच्या प्लॉटमध्ये मांडी घालून बसले. पोरांना आता प्लॉटच उरला नाही, म्हणून ती बाहेर.

मग मोनिकाचा हात मांडीवर स्क्रीन सरकवल्यासारखा फिरू लागला. रंगनाथराव म्हणाले, "जमलोच आहोत तर एखादा विषय चर्चेला घेऊ या का?" हारिस सर गवताची काडी उपटून मुळं तपासायला लागले.

"सर, तन!" म्हणत पंकजाबाईंनी ती काडी काढून घेतली.

"ताई, अजून किती?" हारिस सरांनी विचारलं. आवाज रडवेला होता. "मला कसंतरीच होतंय. म्हणजे... कंटाळा आलाय."

पंकजाबाईंनी मागे पाहिलं. सातही पोरं चिंचेवर होती. निकितासुद्धा. पार्थ सगळ्यात उंच फांदीवरून ओरडत होता, आणि त्याच्याकडे बघायला, त्याचा फोटो काढायला, त्याला काही शिकवायला अंगणात कुणीही मोकळं नव्हतं. त्यांचं मन भरून आलं. त्या पालकांकडे वळल्या आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "समदे नापास. उद्या परत यावं लागंल."

तेव्हापासून पालकांचा वर्ग रोज ऑफिस सुटल्यावर भरतो. अजून कुणी पास झालेलं नाही. नगरहून, अकोल्याहूनसुद्धा लोक प्रवेशासाठी विचारणा करतात, आणि रंगनाथराव पात्रतेच्या अटी ठरवण्यात इतके गुंतलेत की मुलांची आठवण त्यांना आलेली नाही.

तुम्हाला हे वाचून हसू येत असेल. येऊ द्या. मग हे बाजूला ठेवून घटकाभर काहीही न करता बसून बघा. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर लाजू नका, राहुरीला या, अंगणात जागा करू. पोराला मात्र बरोबर आणा. तेवढा वेळ ते तरी सुटेल.