चाळीस लाख सोबती, पास एक

माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या यकृताला औषध हवं होतं, आणि ते वाटेत दुसरीकडे कुठे सांडून चालणार नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी तिच्याच रक्तातल्या पेशी काढून त्यांच्यात औषध भरलं.

"या थेट यकृतात जातील, मध्ये कुठे रेंगाळणार नाहीत," ते म्हणाले. "फक्त चार वाजायच्या आत टोचल्या पाहिजेत. नंतर मरतात."

अकरा वाजता डबा माझ्या हातात आला. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, मुलांचा वॉर्ड दुसऱ्या. तरी मी जिना धावतच उतरले.

वॉर्डात औषध न्यायचं तर औषधभांडाराचा शिक्का लागतो. भांडारपालांनी डब्याला कान लावला.

"जिवंत आहेत?"

"हो."

"मग औषध नव्हे. जिवंत जे आत जातं, ते भेटायला आलेलं धरतात. पास खिडकीवर जा."

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "किती जण?"

"चाळीस लाख."

"एका रुग्णाजवळ एकच," त्या जराही न चिडता म्हणाल्या. "रुग्णाशी नातं?"

"अहो, तिच्याच आहेत. तिच्या अंगातल्या."

बाईंचं पेन थांबलं. "म्हणजे दाखल रुग्णच की! मग डिस्चार्ज न घेता बाहेर पडल्या कशा?"

एक वाजता पेशींवर पळून गेल्याचा ठपका आला. दोन वाजता त्यांना लेखी समज देण्यात आली. त्या अल्पवयीन असल्यामुळे पालक म्हणून सही मी केली.

"पोर आत हळदीसारखी पिवळी पडलीय," पास नसल्यामुळे बाहेरच थांबलेल्या माझ्या सासूबाई कडाडल्या, "आणि तुम्ही कागद रंगवताय?"

"आजी, हळू. दवाखाना आहे," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

तीन वाजता अधीक्षकांनी उदार मनाने निर्णय दिला: सर्व पेशी मिळून एक सोबती मानावा. पण एक सोबती आधीच होता. मी. दाराच्या काचेतून मुलगी माझ्याकडे बघत होती. मी गळ्यातला पास काढून डब्याला अडकवला.

"फोटो जुळत नाही," दारावरचा शिपाई म्हणाला.

"आईच्या वळणावर गेल्यात," सासूबाई म्हणाल्या. त्याला ते पटलं.

चारला दहा कमी असताना नर्सने पेशी टोचल्या. त्या खरोखरच थेट यकृतात पोचल्या. मध्ये कुणाचीच सही घेतली नाही, हे कळल्यावर त्यांच्याकडून खुलासा मागवण्यात आलाय.

मी नव्या पाससाठी पुन्हा रांगेत उभी राहिले. आत मुलगी एकटी होती. माझा नंबर आलाच होता, तेवढ्यात एक बाप तसाच डबा छातीशी धरून धापा टाकत आला.

"ताई, मला पुढे जाऊ द्या. वीसच मिनिटं उरलीत."

"रांग आहे ना?" मी म्हणाले. "आम्ही नाही थांबलो?"

माझ्या मागे तुम्ही होता. "बरोबर बोलल्या," असं म्हणालात, आणि अर्धं पाऊल पुढे सरकून मधली फट बुजवलीत.