हिरव्या पडद्यामागचा तांबडा डाग

बुऱ्हाणपुरात खासगी गुप्तहेर एकच, आणि तो मी, भिकन. दुसरा नसल्यामुळे पहिला नंबर कायम माझा. माझी नजर घारीची आहे, फक्त जवळचं दिसायला चष्मा लागतो. नोकरीत असताना कागद कारखान्यात मीटर दुरुस्त करायचो. मग बायको गेली, प्रतिभा. घर रिकामं झालं, तेव्हापासून तपास करतो. मागच्या महिन्यात आमच्या शनवारा मोहल्ल्यात हरवलेली कुकरची शिटी शोधली. ती माझ्याच स्वयंपाकघरात होती, पण शोध तो शोध.

या खेपेचं प्रकरण पुतण्याने आणलं. रितेशचं पॉवरलूमचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करायचं दुकान आहे. तिथे माझा जुना ऑसिलोस्कोप असतो. विजेच्या लहरी हिरव्या पडद्यावर दाखवणारं हे यंत्र मी कारखान्याच्या लिलावात घेतलं होतं. रितेशला एका मोठ्या गिरणीचं वर्षभराचं काम मिळत होतं. अट एकच, यंत्राला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र हवं. म्हणजे यंत्र खरं बोलतं का, याची उलटतपासणी.

"काका, सोमवारपर्यंत लॅब भेटली तर ठीक. नाही तर हे भंगारात देतो अन् नवीन घेतो," रितेश म्हणाला. "इतका पुराना माल कोण चेक करणार?"

मला ते भंगारात जायला नको होतं. ते घरी होतं तेव्हा संध्याकाळी मी त्यावर काम करायचो आणि प्रतिभा भाजी निवडत लहरी बघत बसायची.

मी प्रयोगशाळांना फोन लावले. सगळे एकच विचारत, मॉडेल नंबर काय? त्याशिवाय हे यंत्र आमच्या मान्यतेत बसतं का, ते सांगता येत नाही. मी सांगितलं, पडदा हिरवा आहे आणि वजन भरपूर आहे. एकाने फोन दुसऱ्याला दिला. दुसऱ्याने ठेवला.

यंत्राच्या पुढे फक्त कंपनीचं नाव. मागच्या पाटीवर, नंबराच्या जागी, काळपट तांबडा जाड थर. मी भिंग काढलं. पहिला निष्कर्ष, माल चोरीचा आणि नंबर मुद्दाम झाकलेला. दुसरा निष्कर्ष, हे रक्त. रितेशने विचारलं, कोणाचं? मी म्हणालो, तेच तर शोधायचं आहे.

तिसरा निष्कर्ष, यामागे इतवारा मोहल्ल्यातला दगा नावाचा भंगारवाला. यंत्रावर त्याचा डोळा होता. नंबर सापडला नाही की लॅब सापडत नाही, आणि माल सरळ त्याच्या काट्यावर. मी त्याची कसून चौकशी केली. त्याने सगळी उत्तरं दिली, चहा पाजला आणि मला एक जुनी इस्त्री विकली. ती चालत नाही.

मी दुकानात परतलो तेव्हा धुरपदावहिनी, रितेशची आई, डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी चष्म्याशिवाय पाटीकडे पाहिलं.

"भाऊजी, हे कुंकू आहे."

मी पुरावा मागितला.

"दर दसऱ्याला प्रतिभा पूजा करायची याची. तुमची ड्युटी असायची. पुढे काचेला तुम्ही बोट लावू देत नव्हते, म्हणून मागून लावायची. हळद, कुंकू, वरून तेलाचं बोट."

माझ्या घारीच्या नजरेखाली इतकी वर्षं हे चाललं होतं.

वहिनींनी फडकं ओलं केलं. मी यंत्र जवळ ओढलं आणि पाटीवर हात ठेवला. रितेश खाली वाकून कुठलातरी स्क्रू शोधायला लागला.

"राहू द्या," मी म्हणालो.

"मग भंगारात जाऊ द्यायचं? यासाठी पूजा करायची का ती?"

फडकं मी त्यांच्या हातातून घेतलं. थर सावकाश निघाला, माझी बोटं तांबडी झाली, आणि खालून नंबर दिसला.

रितेशने पाटीचा फोटो काढून सगळ्या प्रयोगशाळांना पाठवला. जेवण व्हायच्या आत इंदूरहून होकार आला. हे मॉडेल त्यांच्या मान्यतेत बसत होतं, शनिवारी आणा म्हणाले. सगळा तपास एका फडक्यात आटोपला. दगाची माफी मागायला जावं लागणार होतं, पण तो आणखी काही विकेल अशी भीती होती.

मग प्रयोगशाळेतल्या माणसाने मुद्दाम मला फोन केला. इतक्या जुन्या यंत्रांच्या पाट्या घासून गेलेल्या असतात म्हणाला, आकडे लावता लावता पुरेवाट होते. तुमची इतकी नवीकोरी कशी राहिली?

"घरच्यांनी सांभाळली होती," मी म्हणालो.