डुगडुग्या तोंड उघडतो

डॉक्टरांच्या पुस्तकाचं प्रकाशन संध्याकाळी होतं आणि सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मेव्हण्यानं त्यांच्या बशीशेजारी एक डीव्हीडी ठेवली. वेष्टनावर डुगडुग्याचं चित्र होतं.

"जिजाजी, तुम्हाला भेट! आमच्या दुकानाशेजारची व्हिडिओ लायब्ररी बंद होतेय. सगळा माल बाहेर फुटपाथवर काढलाय. त्यात हा तुमचा माणूस दिसला."

मेव्हण्याचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचा स्वभाव मदतीचा होता आणि घरातले सगळे त्याला जरा वचकूनच असत.

डॉक्टर दातांचे होते. पेशंटच्या उघड्या तोंडात कापसाचे बोळे कोंबायचे आणि मग त्याला डुगडुग्याबद्दल सांगत बसायचं, ही त्यांची जुनी पद्धत. डुगडुग्या हा मूकपटांच्या काळातला विनोदी नट. दोन मापं मोठा कोट घालून डुगडुगत चालायचा. आज त्याला ओळखणारी जी काही माणसं होती, ती बहुतेक डॉक्टरांच्या खुर्चीतून उठलेली होती. त्यांनाच धरून डॉक्टरांनी मूकपट मंडळ काढलं होतं, आणि ऐन उमेदीची वर्षं खर्ची घालून एक पुस्तक लिहिलं होतं. पुस्तकाचं नाव 'महामौनी'. त्याचं सार असं, की बोलपट आले तेव्हा बडे बडे निर्माते डुगडुग्याच्या दारात येऊन उभे राहिले, पण त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि दार लावून घेतलं. पडद्यावर तो जन्मात एक शब्द बोलला नाही. हे डॉक्टरांनी कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलं होतं. दार लावून घेतल्याचा भाग त्यांनी पदरचा घातला होता.

त्यांनी डीव्हीडी उलटी केली. मागे लिहिलं होतं, 'डुगडुग्याचे दुर्मीळ छोटे बोलपट, प्रथमच घरच्या पडद्यावर'.

"बोलपट?" डॉक्टर म्हणाले. "छे! छापायची चूक असणार."

चूक नव्हती. मेव्हण्यानं डीव्हीडी लावली. डुगडुग्या दार उघडून आत आला आणि बोलायला लागला. तो थांबला तो चित्रपट संपल्यावरच. आवाज बारीक, किंचित नाकातला, आणि वेग असा की समोरच्या पात्राला श्वास घ्यायलाही फट मिळेना. दुसऱ्या चित्रपटात तर तो पाण्याखालीही बोलत होता.

"घात झाला," डॉक्टर म्हणाले.

"जावईबापू काय म्हणाले गं?" तेवढ्यात बागेतून आत आलेल्या सासूबाईंनी विचारलं.

सासूबाईंचे कान तरुणपणीच्या एका तापात गेले होते. समोरच्याचे ओठ वाचून त्या सगळं समजून घेत. मोलकरणीपासून खासदारापर्यंत कुणाचंही बोलणं त्यांच्या नजरेतून सुटत नसे. अपवाद फक्त जावयाचा. डॉक्टरांच्या मिशा दोन्ही ओठ झाकून हनुवटीकडे निघाल्या होत्या, आणि दवाखान्यात त्यावर मास्क. त्यामुळे आपला जावई अत्यंत अबोल माणूस आहे, अशी सासूबाईंची लग्नापासूनची समजूत होती. नातेवाइकांत त्या त्याचं कौतुकही करत.

"काही नाही आई, चहानं तोंड भाजलं त्यांचं," डॉक्टरांच्या बायकोनं आईकडे तोंड करून सांगितलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, एवढं काय त्यात? संध्याकाळी सांगा सरळ, की नवीन माहिती मिळाली."

"नवीन माहिती? अगं, पुस्तकाचं नाव 'महामौनी' आहे! पाचशे प्रती छापून तयार आहेत. मुखपृष्ठावर तो ओठांवर बोट ठेवून उभा आहे. हे लोक मला काय म्हणतील?"

"त्यांना बोलू द्या आधी, मग म्हणतील," बायको म्हणाली.

"डीव्हीडीच दाखवायची नाही," डॉक्टरांनी निर्णय दिला. "कुणाला कळणार आहे?"

मेव्हण्यानं घसा साफ केला. "मी तुमच्या मंडळाच्या सचिवांना फोन केलाय. म्हटलं, डुगडुग्याचा दुर्मीळ खजिना सापडलाय. बोलपट आहेत हे मीही कुठे वाचलं होतं? ते इतके खूश झाले, की भाषणाआधी हेच दाखवायचं ठरवलंय. सगळ्यांना कळवूनही झालं."

डॉक्टर डीव्हीडी घेऊन दवाखान्यात गेले आणि दार आतून लावून घेतलं. दिव्याखाली तबकडी धरली आणि दातातली कीड उकरायचं टोकदार हत्यार उचललं. एक ओरखडा पुरेसा होता. पण हात पुढे जाईना. ज्या माणसावर आपण इतकी वर्षं जीव लावला, त्याचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला, आणि तो आवाज मनापासून आवडला होता, हीच तर खरी पंचाईत होती. पाण्याखालच्या त्या बडबडीला ते घात झाल्याच्या दुःखातसुद्धा हसले होते. त्यांनी हत्यार खाली ठेवलं, तबकडी मऊ फडक्यानं पुसली आणि मेव्हण्याला फोन लावला.

"डीव्हीडी प्लेअरपासून स्पीकरला जाणाऱ्या वायरी तुझ्याकडे सोपवतो," ते म्हणाले. "आज आवाज बाहेर येता कामा नये."

"बस एवढंच ना!" मेव्हणा म्हणाला. उपद्व्याप निस्तरायची संधी मिळाल्यानं त्याला हुरूप आला होता.

संध्याकाळी वाचनालयाच्या वरचा हॉल भरला. अध्यक्ष होते एक निवृत्त न्यायाधीश. त्यांची कवळी डॉक्टरांनीच बसवली होती, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. पहिल्या रांगेत मधोमध सासूबाई बसल्या. मंडळाचा एकही खेळ त्यांनी कधी चुकवला नव्हता. सिनेमाला जाऊन इतरांच्या बरोबरीनं बसता यावं, अशी त्यांना ही एकच जागा होती.

दिवे मालवले. मेव्हण्यानं वायरी काढून खिशात घातल्या होत्या. पडद्यावर डुगडुग्या दार उघडून आत आला आणि हॉलभर शांतता पसरली.

"बघा," डॉक्टर माइकवर म्हणाले, "काय हे मौन!"

न्यायाधीश थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, हा सारखा तोंड का हलवतोय?"

"जबड्याचा अभिनय, साहेब. दंतवैद्य असल्यामुळे मला तो चटकन कळतो."

"पण समोरची बाई कानांवर हात ठेवतेय."

"मौन असह्य झालंय तिला."

एवढ्यात सासूबाई हसल्या. मग आणखी मोठ्यानं हसल्या. शेजारच्या बाईंना कोपरानं ढोसून म्हणाल्या, आणि त्यांचं हळू म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत जाणारं होतं, "ऐकलंत का? म्हणतो, मालकीणबाई, तुमच्या कुत्र्यानं माझी विजार खाल्ली. आता कुत्र्यालाच कमरेला बांधून ऑफिसला जाऊ का?"

हॉल हसला. सासूबाईंच्या दृष्टीनं हे नवीन नव्हतं, लोक नेहमीच सिनेमा बघून हसत. त्या पुढचं सांगत गेल्या. भाडेकरूचं भांडण, हवालदाराची उलटतपासणी, पाण्याखालचं भाषण, सगळं. लोक पडद्याकडे बघत आणि कान पहिल्या रांगेकडे लावत. डॉक्टरांनी माइकवर दोनदा "मौन" म्हणून पाहिलं, पण ते कुणी ऐकलं नाही.

चित्रपट संपला, दिवे लागले. सचिव धावत पुढे आले आणि सासूबाईंसमोर उभे राहून म्हणाले, "आजी, तुम्हाला हे सगळं कसं समजलं?"

"कसं म्हणजे? तो बोलतोय ना!"

न्यायाधीशांनी हातातलं 'महामौनी' बघितलं, मग डॉक्टरांकडे बघितलं. "बोलतोय?"

डॉक्टरांना एकीकडे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं, आणि दुसरीकडे तो आवाज पुन्हा ऐकायची इच्छाही आवरत नव्हती. शेवटी त्यांनी मेव्हण्याकडे हात केला.

"वायरी लाव रे. लोकहो, मीच आवाज बंद करायला लावला होता. तो बोलायचा. माझं पुस्तक चूक आहे."

डुगडुग्याचा बारीक, नाकातला आवाज हॉलमध्ये घुमला. कुत्रा, विजार, कंबर, ऑफिस. सासूबाईंनी सांगितलं होतं तस्सं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या कुणासाठी होत्या हे सांगणं कठीण होतं. डॉक्टर कोपऱ्यातल्या खुर्चीत मान खाली घालून बसले. बायको उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"आवडलं का आजी?" सचिवांनी विचारलं.

सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. "ठीक आहे. पण पूर्वीची मजा नाही. बोलपट आल्यावर बिचारा गप्पच झाला."

"गप्प झाला?"

"मग काय! लोक ऐकणार म्हटल्यावर तोंड आवरावं लागलं त्याला. आधीच्या चित्रपटांत कसा तोंड सोडायचा, तुम्ही सगळे बघताच की. तो पुलावर उभा राहतो, चांदण्यात, ती पोरगी बोटीतून निघून जाते..."

डॉक्टरांनी मान वर केली. पुलावरचं ते दृश्य म्हणजे पुस्तकाचं तिसरं प्रकरण, 'ओठांवरची अबोल प्रार्थना'. प्रत्येक खेळात तिथे हॉलभर हुंदके निघत आणि सासूबाई मात्र खो खो हसत. वय झालंय म्हणून सगळे सोडून देत.

"तिथे काय म्हणतो तो?" न्यायाधीशांनी अगदी समोर येऊन विचारलं.

"म्हणतो, अरे दिवेवाल्या गाढवा, दिवा बाजूला घे, माझं ढुंगण भाजतंय. पुढचं चारचौघांत सांगण्यासारखं नाही."

हसून हसून न्यायाधीशांची कवळी हलली. ती नीट बसवून ते माइकपाशी गेले. म्हणाले, बोलपट आले आणि डुगडुग्या गप्प झाला, हा या पुस्तकाचा मुख्य मुद्दा आज साक्षीपुराव्यानिशी सिद्ध झालेला आहे, सबब मी ते प्रकाशित झाल्याचं जाहीर करतो. लोकांनी प्रती घेतल्या आणि सह्यांसाठी रांग लावली. रांग सासूबाईंसमोर होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मिशा उतरवल्या. नवी आवृत्ती काढायची होती, सगळे जुने चित्रपट सासूबाईंबरोबर बसून पुन्हा बघायचे होते, आणि त्यांच्याशी बोलायचं तर ओठ दिसायला हवे होते. इतक्या वर्षांत आपण त्यांना एक शब्दही सांगितला नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. ते सासूबाईंसमोर खुर्ची ओढून बसले, माफी मागितली आणि मग डुगडुग्याच्या जन्मापासून सुरुवात केली.

दुपारचा चहा येऊन गार झाला. सासूबाई डोळे न मिटता त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. त्यांना सवयच नव्हती. डॉक्टर श्वास घ्यायला थांबले, तेव्हा त्यांनी लेकीला हाक मारली.

"अगं ए, यांच्या मिशा किती दिवसांत परत येतील गं?"