तिसऱ्या बेटाच्या वाट्याला आलेली संस्कृती

जिथे पाहण्यासारखं काही नसतं, तिथे माणसं आपली सुखाने राहतात. जिथे पाहण्यासारखं काहीतरी निघतं, तिथल्या माणसांना मात्र कुणी पाहत नसेल तेवढ्या वेळातच राहून घ्यावं लागतं. हे सत्य पर्यटन मंडळाच्या कोणत्याही माहितीपत्रकात आढळणार नाही, कारण तिथे जागा कमी असते आणि सूर्यास्त छापायचा असतो.

सदर द्वीपसमूहात माणसांची वस्ती असलेली बेटं तीन. एकाच बेटावर सगळं पाहून पर्यटक घरी जाऊ नये म्हणून मंडळाने न्यायबुद्धीने वाटणी केली. पहिल्या बेटाला समुद्रकिनारा मिळाला, दुसऱ्याला वन्यजीव. तिसऱ्या बेटाचा प्रतिनिधी बैठकीला उशिरा पोचला (होडीचं इंजिन बंद पडलं होतं) आणि तोवर फक्त संस्कृती शिल्लक होती. ती घेऊन तो मुकाट्याने घरी आला.

आता वाळू तिसऱ्या बेटालाही चारी बाजूंनी होती. पण वाटणी म्हणजे वाटणी. मंडळाने तिथे ‘हा समुद्रकिनारा नाही’ अशा पाट्या ठोकल्या. अंडी घालायला येणाऱ्या कासवांना बेटांचे क्रमांक कळत नसल्याने त्यांना उचलून होडीने दुसऱ्या बेटावर रवाना करण्यात येई. त्यातली काही पोहत परत येत. अशा कासवांची गणना वन्यजीवांत न करता उपद्रवात करावी, असं ठरलं.

राहिली संस्कृती. तिसऱ्या बेटावरचे लोक सकाळी उठून कामाला जात, संध्याकाळी टीव्ही बघत आणि अधूनमधून भावाभावांत भांडत. मंडळाने नेमलेल्या संस्कृती अधिकाऱ्यांनी हे सगळं बारकाईने पाहिलं आणि यातलं काहीच चालणार नाही, असं सांगितलं. हे तर लोक आपापल्या घरी करतातच, त्यासाठी बोटीत बसून उलट्या करत इथवर कोण येईल, हा त्यांचा सवाल बिनतोड होता.

मग नियम झाले. पर्यटकांची बोट धक्क्याला असेपर्यंत मोटारसायकली, पाण्याच्या टाक्या, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि चष्मे दिसता कामा नयेत. (चष्म्याविना दोघंजण विहिरीत पडले. हा प्रकार पर्यटकांना पारंपरिक खेळ वाटला आणि फार आवडला.) शाळा दुपारपर्यंत बंद, कारण वर्गात बसलेलं मूल फोटोत कुठल्याही मुलासारखंच दिसतं. निवृत्त पोस्टमास्तरांना कोळी नेमण्यात आलं. होडीत बसलं की त्यांना मळमळतं, म्हणून त्यांनी किनाऱ्यावरच (म्हणजे जो किनारा नाही त्याच्यावर) बसून जाळं विणायचं. चार दिवसांत मास्तर त्या जाळ्यात असे अडकले की कापून काढावं लागलं. मात्र टपालखात्यातली शिस्त अंगात मुरलेली, त्यामुळे ते रोज वेळेवर अडकत.

सगळ्यात कडक कलम फ्रिजचं होतं. प्रत्येक घर हे खुलं संग्रहालय असल्याने पर्यटक कुठल्याही खोलीत जाऊ शकत, आणि फ्रिज दिसला की त्यांच्या डोळ्यांतलं पाणी सुकतं असं पाहणीत आढळलं होतं. सबब बेटावरचे फ्रिज उचलून पहिल्या बेटावरच्या हॉटेलात हलवावेत असं ठरलं, म्हणजे ते वायाही जाणार नाहीत. लोकांनी कुरकुर केली आणि दिले. एकट्या फ्रिजवाल्याने दिला नाही.

फ्रिजवाला म्हणजे बेटावरचा फ्रिज दुरुस्त करणारा. माणूस वाईट नव्हता, पण दोन वाक्यं बोलला तर त्यातलं एक लोक थाप समजून सोडून देत. या वेळी मात्र त्याचं कारण खरं होतं. त्याच्या आईला साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई. बाहेरच्या उकाड्यात ते औषध नासतं आणि औषध चुकलं की म्हातारी आडवी होते. डॉक्टर पहिल्या बेटावर, आणि तेही तिथल्या उन्हाने भाजलेल्या पाठींत गुंतलेले.

तेव्हा त्याने जे सुचलं ते केलं. फ्रिजला माडाच्या झावळ्या गुंडाळल्या, वर तांबडं फडकं बांधलं, पुढे शंखशिंपले मांडले आणि वायर चुलीमागून फिरवली. अधिकारी तपासणीला आले आणि नेमका त्याच वेळी फ्रिज गुरगुरायला लागला.

“हे काय आहे?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“पूर्वज,” फ्रिजवाला म्हणाला. तोंडातून गेलं ते गेलं.

अधिकाऱ्यांनी बूट काढले. हे किती जुनं, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. वडील असल्यापासून आहे, असं फ्रिजवाल्याने सांगितलं. (यात तसूभरही खोटं नव्हतं. वडिलांनीच तो जुन्या बाजारातून आणला होता.) अधिकारी कितीतरी वेळ डोळे मिटून उभे राहिले. आपल्याला या खात्यात का टाकलं, हे कोडं आज सुटल्यासारखं त्यांना वाटलं असावं.

दुसऱ्या दिवसापासून बोटी थेट तिसऱ्या बेटाला लागू लागल्या. पर्यटक रांगेने येत, झावळ्यांना कान लावत आणि ऐकत. एका बाईंना त्या गुणगुणण्यात आपले आजोबा ऐकू आले. एका गृहस्थांनी हा विश्वाचा मूळ स्वर असल्याचं जागेवरच ओळखलं. लोक प्रश्नही विचारू लागले. प्रश्नानंतर कॉम्प्रेसर चालू झाला तर होकार, बंद पडला तर पूर्वज विचारात पडले, आणि धडधडला तर जावयाशी जपून राहावं, असा अर्थ फ्रिजवाल्याने लावून दिला. पाहणीनुसार शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना मनःशांती लाभली. उरलेल्या एकाला कमी ऐकू यायचं.

फ्रिजवाल्याला हे आवडायला लागलं, उगाच खोटं कशाला बोला. जन्मभर लोकांच्या फ्रिजमधलं सांडलेलं दूध पुसलं, आता लोक त्याच्याकडे बघून मान खाली घालत होते. बायकोने दोनदा सांगितलं, अहो, हे गळ्याशी येईल. त्यावर तो म्हणाला, तू गप्प बस, पूर्वज ऐकतायत.

आई मात्र वैतागली. औषध काढायला फ्रिज उघडावा तर समोर रांग. शेवटी फ्रिजवाल्याने सगळ्यांदेखत दार अर्धवट उघडून, फडक्याआडून बाटली काढली आणि आईने तिथेच पोटाला सुई टोचून घेतली. मग कॅमेऱ्यांचा असा काही खडखडाट झाला की म्हातारी दचकली.

अधिकाऱ्यांच्या आनंदाला पारावार उरला नाही. ‘मातेचा विधी’ तत्काळ कार्यक्रमात सामील झाला. आईला बसायला चटई आणि अंगावर घ्यायला जुनेरं मिळालं. (जुनेरं नवीनच होतं, मंडळाने ते शिवून, फाडून पाठवलं होतं.) सुई टोचताना चेहरा कसा ठेवायचा, हेही अधिकाऱ्यांनी स्वतः शिकवलं.

“समाधानी दिसा, आजी. पण हसू नका.”

“अरे, सुई टोचताना कोण मेलं हसतंय,” आई म्हणाली.

यथावकाश त्या वस्तूला संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. दर्जा मिळाला म्हणजे कुलूप आलं. बाटल्या पवित्र वस्तू ठरल्या आणि विधी संपला की आत जाऊ लागल्या. किल्ली पोस्टमास्तरांच्या ताब्यात देण्यात आली आणि दार निदान एक पर्यटक हजर असतानाच उघडायचं, असं बंधन पडलं. कारण संस्कृती कुणी न बघता वापरली तर झिजते. फ्रिजवाल्याने थोडी कुरबुर केली, पण बोट रोजच येत होती. त्याने मनाची समजूत घातली आणि जुने झालेले शिंपले बदलले.

मग वादळ आलं आणि बोटी बंद झाल्या.

पहिल्या दिवशी आई नुसतं पाणी मागत राहिली. दुसऱ्या दिवशी तिची जीभ कोरडी पडली, उलटी झाली आणि ती सुनेला भलत्याच नावाने हाका मारायला लागली. औषध तिच्या उशापासून चार हातांवर होतं आणि गुणगुणत होतं. फ्रिजवाला मास्तरांकडे धावला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण किल्ली काही आली नाही. पर्यटक आण, म्हणाले, एक चालेल.

सुदैवाने बेटावर एक जोडपं अडकलं होतं. बोट चुकली म्हणून त्यांना शाळेच्या वर्गात ठेवलेलं. फ्रिजवाला भिजत तिथे गेला. नुसतं येऊन उभं राहा, त्याने हात जोडून सांगितलं, बघितलं नाही तरी चालेल, आईचा जीव जातोय.

जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. माणसं सुशिक्षित होती, तोडून बोलणाऱ्यांतली नव्हती.

“ते आम्ही परवाच बघितलं,” गृहस्थ म्हणाले. “दुसरं काही आहे का?”

फ्रिजवाला परत फिरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यापाशी सांगायला थाप उरली नव्हती. घरी येऊन त्याने झावळ्या ओरबाडल्या, फडकं फेकलं आणि हातोडीने कुलूप फोडलं. बायकोने आईला धरलं, त्याने सुई भरली आणि टोचली. मागोमाग आलेले मास्तर दारातच उभे होते. ते समुद्राकडे तोंड करून जाळं विणत राहिले. जाळं त्यांच्या हातात नव्हतंच, पण त्यांनी विणलं.

तेवढ्यात पाऊस थोडा थांबला म्हणून ते जोडपं फिरायला बाहेर पडलं आणि आवाज ऐकून दारात आलं. फ्रिजचं दार उघडंच, आतला दिवा लागलेला. दुधाचं पातेलं, अर्धं लिंबू, परवाचा भात आणि औषधाच्या बाटल्या.

“अहो, हा तर फ्रिज आहे,” बाई म्हणाल्या. “आपल्याकडे आहे तसाच.”

आई वाचली. तक्रारही झालीच. चौकशीत असं निष्पन्न झालं की फ्रिजवाल्याने संस्कृतीची फसवणूक केली आहे. अधिकारी दुखावले होते, पण खचले नाहीत. फ्रिज हॉटेलात जमा झाला आणि त्याच्या जागी मंडळाने लाकडी खोका ठेवून आत गुणगुणण्याची ध्वनिफीत बसवली. पर्यटकांच्या मते हा आवाज जुन्यापेक्षा जास्त अस्सल आहे. विधीसाठी दुसऱ्या बेटावरून एक आजी आणल्या. त्यांना कोणताही आजार नाही, त्यामुळे वादळाची काळजी मिटली.

फ्रिजविना आईला बेटावर राहणं शक्य नव्हतं. म्हणून फ्रिजवाला तिला आणि बायकोला घेऊन शहरात आला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, फ्रिज घेतला. आईची तब्येत आता ठीक आहे. दुपारी ती गॅलरीत बसते आणि इथे कुणी आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही, असं कौतुकाने सांगते.

फ्रिजवाला पुन्हा आपला धंदा करतो. मागच्या आठवड्यात तो तुमच्याकडे येऊन गेला. तुमची तक्रार होती की फ्रिज दिवसरात्र गुणगुणतो आणि डोकं उठवतो. तो पाठीमागे वाकून बसला असताना तुम्ही सहज विचारलंत, गाव कुठलं. त्याने बेटांचं नाव घेतलं मात्र, तुम्ही उडालात. अरे वा, आम्ही जाऊन आलोय. आणि त्याला हाताला धरून बाहेरच्या खोलीत नेलंत, सोफ्याच्या वर लावलेला मोठा फोटो दाखवायला. म्हातारी, जुनेरं, हातात सुई.

तो फोटोकडे बराच वेळ बघत राहिला. तुम्हाला वाटलं, याला यातलं काय कळणार. म्हणून तुम्हीच समजावलंत. बघा, चेहऱ्यावर काय समाधान आहे. जवळ काही नाही, पण कसली चिंता नाही. आपल्याला हे जमायचं नाही.

“असली जागा सोडून तुम्ही इथे कशाला आलात हो?” तुम्ही कळकळीने विचारलंत.

“आईला बरं नव्हतं,” तो म्हणाला.

तुम्ही हळहळलात आणि आवाज पूर्ण बंद व्हायला हवा, याची आठवण करून दिलीत. त्याने तो केला. फ्रिज आता अजिबात बोलत नाही आणि तुम्हाला छान झोप लागते. तेव्हा समाधानी दिसा. पण हसू नका.