घाट-नियमावली, कलम सात

इंजिन गाडी ओढतं, हा सर्वसामान्य माणसाचा भाबडा समज आहे. इंजिन आधी आपलं गणगोत पोसतं. एसीचा कॉम्प्रेसर, बॅटरी भरणारा डायनमो, पाण्याचा पंप ही सगळी मंडळी पट्ट्याने त्याच्या कमरेला लटकलेली असतात. त्यांची पोटं भरून जो काही जोर उरेल, त्यात बिचारी गाडी चालते.

हे सत्य नाशिकमध्ये ज्यांनी मनावर घेतलं ते म्हणजे इंदिरानगरचे ढुंढिराज गायधनी. ओझरला विमानांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले. "विमानात ग्रॅमला किंमत असते," हे वाक्य ते दिवसातून दोनदा म्हणतात. (त्यातलं एक पत्नी उत्तराताई तूप वाढताना.) एसीचा कॉम्प्रेसर घाटात इंजिनाच्या हॉर्सपॉवरमधले चार-पाच घोडे एकटा खातो, हे त्यांना चंदर मेकॅनिकने सांगितलं, त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. आपल्या घोड्यांवर परक्याचं पोट भरतंय हे त्यांना कधीच बघवत नसे.

सकाळी त्यांनी घाट-नियमावली लिहून काढली आणि लॅमिनेट करून गाडीच्या खणात ठेवली. घाट पाचशे मीटरवर असताना एसी बंद. मग मोबाइलचं चार्जिंग बंद, कारण ती वीज डायनमो करतो आणि डायनमोला इंजिन फिरवतं. गाणी बंद, त्याच कारणाने. काचा उतरवायलाही वीज लागते, म्हणून एकच काच, तीही अर्धी. सहाव्या कलमानुसार बोलणं बंद. (याला शास्त्रीय आधार नाही, पण कायद्यात थोडी लवचिकता असावी.) पाण्याच्या पंपाला मात्र त्यांनी मोठ्या मनाने सूट दिली. सातवं कलम अजून वापरायची वेळ आली नव्हती.

नऊ वर्षांत ही नियमावली एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा अमलात आली. वाचलेलं पेट्रोल अंदाजे सव्वाचार लिटर. घाट चढून वर पोचल्यावर प्यावा लागलेला उसाचा रस एकवीस लिटर. (त्यांच्या पेट्रोलच्या वहीत रसाचा रकाना नाही.)

तर एकतीस मेची गोष्ट. सुरगाण्याच्या दवाखान्यातल्या लंकाबाई सिस्टर त्या दिवशी निवृत्त होत होत्या. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जन्मतारीख एक जून टाकली, की माणूस एकतीस मेलाच निवृत्त होतो. समारंभ साडेबाराचा. केकची ऑर्डर उत्तराताईंना मिळाली होती. सत्तावन्नाव्या वर्षी, मोबाइलवर बघून बघून शिकलेल्या उत्तराताईंची ही पहिली ऑर्डर. तोवर त्यांचे केक सोसायटीतल्या पोरांच्या वाढदिवसाला जात आणि "छान झाला हं काकू" एवढं म्हणून रिकामं ताट परत येई. आता सात किलोंचा, दोन मजली, वर क्रीमचे गुलाब असलेला केक मागच्या सीटवर पट्टा बांधून बसला होता, आणि उत्तराताई दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होत्या.

वणी मागे पडली. पुढे घाट दिसला आणि ढुंढिराजांचा हात आपोआप बटणाकडे गेला.

"अहो, आज नको. क्रीम आहे."

"कायदा सगळ्यांना सारखा, उत्तरा. कलम सहा."

दोन किलोमीटरांत गाडीची भट्टी झाली. तिसऱ्या वळणावर एक गुलाब लंकाबाईंच्या आधीच निवृत्त होऊन खाली बसला.

"गाडी बाजूला घ्या," उत्तराताई म्हणाल्या.

त्या ओरडल्या असत्या तर ढुंढिराजांनी गाडी थांबवली नसती. त्या शांतपणे म्हणाल्या, म्हणून थांबवली. त्यांनी खणातून नियमावली काढून नवऱ्याच्या हातात दिली.

"सातवं वाचा. मोठ्यांदा."

"चढावर इंजिनाला ताण आल्यास भार कमी करावा. प्रवासाच्या उद्देशाला ज्याचा उपयोग सर्वांत कमी, ते प्रथम उतरवावे."

"आजचा उद्देश काय?"

"केक."

"लायसन्स मलाही आहे. मग?"

ढुंढिराजांनी हिशोब करून पाहिला. केक उतरवता येत नव्हता. ड्रायव्हर लागणारच. ते नियमाचे पक्के, मुकाट्याने उतरले.

"डिकीतलंही घ्या."

डिकीतून गाडी तापल्यास लागणारे पाण्याचे दोन कॅन, दुसरा जॅक, हवा भरायचा पंप आणि जुन्या पट्ट्यांची पिशवी निघाली. स्वतःचे शहाऐंशी धरून एकूण एकशे तीस किलो.

"टोपी घाला, ऊन आहे," उत्तराताई म्हणाल्या. मग काच वर गेली, एसी लागला आणि गाडी हलकी फुलासारखी वळणाआड गेली.

अर्ध्या तासाने सुरगाण्याला प्रवासी नेणाऱ्या गोटीरामची जीप आली. आत सतरा माणसं होती.

"काका, सामान वर टाका, तुम्ही मागं लटका."

ढुंढिराज लटकले. तशाही अवस्थेत त्यांनी विचारलं, "अॅव्हरेज काय देते?"

"कोण मोजतंय, काका? गाडी सुरगाण्याला पोचते नं, झालं मग."

"आणि एसी?"

"हाय की. तुम्ही त्यातच लटकलाय."

एका हाताने पाइप धरून, वारा खात, दुसऱ्याच्या इंजिनाच्या जिवावर ढुंढिराज घाट चढले. ते पोचले तेव्हा केक उभा होता. बसलेल्या गुलाबावर उत्तराताईंनी चेरी ठेवली होती आणि लंकाबाई विचारत होत्या, "बाई, नातवाच्या बारशाला असाच मिळंल का?"

"मिळेल की," उत्तराताई म्हणाल्या.

"आणि साहेब कुठं राहिले होते?"

"मागून येत होते. सामान होतं."

केकचा तुकडा तोंडात धरून ढुंढिराज गाडीपाशी गेले. त्यांचा घाटातल्या अॅव्हरेजचा आजवरचा उच्चांक लिटरला तेरा पूर्णांक नऊ किलोमीटर. स्क्रीनवर चौदा पूर्णांक सहा होतं. सत्याशी भांडणारे ते नव्हेत. त्यांनी वही काढून नोंद केली: एसी चालू, ढुंढिराज बंद.

वाचकांनी खुशाल हसावं. फक्त पुढचा घाट लागेल तेव्हा, न सांगता एसीच्या बटणाकडे जाणारा हात कुणाचा आहे, ते पाहून ठेवावं. बहुधा हे पान आत्ता त्याच हातात आहे. काळजीचं कारण नाही. जीप दर अर्ध्या तासाने मिळते. टोपी मात्र घरून घेऊन निघावं.